"माझा नंबर तुम्हाला कोणी दिला?": छोट्या दुकानासाठी ब्लॉग आणि ओळखीचं जाळं

दरवर्षी होळी झाली की नागपुरात माळ्यावरून, गच्चीवरून, बाल्कनीच्या कोपऱ्यातून कूलर निघतात. त्याच आठवड्यात जवळजवळ प्रत्येक फ्लॅट स्कीमच्या (म्हणजे सोसायटीच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ येते: "कूलरची घास बदलून देणारा कोणी आहे का?" (घास म्हणजे कूलरच्या बाजूच्या ताट्यांत, म्हणजे चौकटींत, भरलेले लाकडाचे तंतू.) त्या ओळीखाली पहिल्या दहा मिनिटांत ज्याचा नंबर पडतो, त्या स्कीमचं त्या वर्षीचं काम बहुतेक त्यालाच मिळतं.

आमचं कूलरचं दुकान नंदनवनला आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, पत्र्याचे कूलर बनवायचे आणि जुने दुरुस्त करायचे. 2014 पासून मी सांभाळते. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, काळी दुकानावरची पाटी, एक-दोन भिंतींवर रंगवलेलं नाव आणि सक्करदऱ्याच्या बुधवारी बाजारात वाटलेली पत्रकं, एवढ्यावर भागत होतं. मी आले तेव्हा पत्रकं छापली जात होती, पण ती पाहून कोणी येत नव्हतं. गिऱ्हाईक तर येत होतंच. मग ते येतं कुठून, हे शोधायला मला तीन उन्हाळे लागले. तुमचं दुकान शिवणाचं असो, डब्यांचं असो की आरओ दुरुस्तीचं, तुमचे तीन उन्हाळे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी वही करा

एक शंभर पानी वही घ्या. नवीन माणसाचा फोन आला की काम विचारून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: "माझा नंबर तुम्हाला कोणी दिला?" उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. "ग्रुपवरून" असं सांगितलं तर "कोणत्या ग्रुपवर, कोणी टाकला?" एवढं आणखी विचारा. लोक आनंदाने सांगतात. मी हे 2017 च्या एप्रिलमध्ये सुरू केलं, कारण एका रविवारी मनीष नगरच्या एकाच स्कीममधून अकरा फोन आले आणि त्या स्कीममध्ये माझं एकही जुनं गिऱ्हाईक नव्हतं. चौथ्या फोनवर एक काकू म्हणाल्या, "नंबर तं आमच्या आरओवाल्या भाऊनं दिला." तो आरओवाला माझ्या ओळखीचा म्हणजे किती, तर दोन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या घरचा पंप आम्ही बदलला होता.

उन्हाळा संपल्यावर मी वही उलटून पाहिली. माझे नातेवाईक, शेजारी, मैत्रिणी यांच्याकडून आलेली कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी सगळी अर्ध्या ओळखीच्या माणसांकडून: शाळेच्या व्हॅनचे काका, एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसातल्या मॅडम, स्कीमचा चौकीदार, इस्त्रीवाला. मला वाटलं, हे आपल्याच बाबतीत असेल. नंतर वाचनात आलं की मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 साली नेमकं हेच मांडलं होतं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याने नोकरीची खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे शंभरात सुमारे 17 निघाले. अधूनमधून भेटणारे 56 आणि क्वचितच भेटणारे 28. कारण सरळ आहे. माझ्या बहिणीला जे लोक माहीत, ते मलाही माहीत. आरओवाल्या भाऊला जी घरं माहीत, ती मला कधीच दिसली नसती.

म्हणून तुमच्या वहीत जी नावं पुन्हापुन्हा येतील, ती खाली अधोरेखित करा. पुढचं सगळं त्या लोकांसाठी करायचं आहे.

लिहायचं काय?

मार्चमध्ये दुकानात उभं राहून पाहा. दिवसाला वीस वेळा तोच प्रश्न येतो. "कूलरमधून वास येतो." "कूलर गार करत नाही." "लाकडाची घास बरी की ते मधमाशीच्या पोळ्यासारखं पॅड?" मी आधी तोंडी उत्तरं द्यायची, घसा बसायचा. 2016 च्या पावसाळ्यात काम नव्हतं तेव्हा ब्लॉगर या गूगलच्या सेवेवर एक फुकटचा ब्लॉग उघडला आणि ही उत्तरं एकेक करून मराठीत लिहून ठेवली. फोनवर बोलून टाइप होतं, त्यामुळे कीबोर्डची भीती बाळगू नका.

एका लेखात एकच प्रश्न घ्या. आणि लेखाला नाव तेच द्या जे गिऱ्हाईक बोलतं. "वूड वूल पॅडची देखभाल" असं नाव मी पहिल्यांदा दिलं होतं; तो लेख कोणी उघडला नाही. "कूलरच्या घासला वास येतो, काय करावं" असं केल्यावर गूगलवर शोधणारे तिथे येऊ लागले. नागपूरकर घास म्हणतात, तर घासच लिहा. अकोल्याच्या माणसाला तेही कळेल.

उत्तर पूर्ण द्या. या एका गोष्टीवर दुकानदार अडतात, मीही अडले होते. घास स्वतः कशी बदलावी हे मी फोटोंसह लिहायला घेतलं तेव्हा आमचे जुने मिस्त्री नाराज झाले. "ताई, सगळं सांगून देल्यावर आपल्याले कोण बोलावन?" त्यांची काळजी खोटी नव्हती. त्या उन्हाळ्यात घास बदलायची कामं खरंच थोडी कमी झाली. पण ज्यांनी तो लेख वाचून स्वतः ताट्या भरल्या, त्यांचा पंप अडकला तेव्हा फोन आमच्याकडे आला, आणि नवीन कूलर घ्यायची वेळ आली तेव्हाही आमच्याकडेच. घास बदलण्याच्या मजुरीपेक्षा एका नव्या कूलरमध्ये किती सुटतं, हा हिशेब मिस्त्रींना वहीतून दाखवला. आता तेच मला सांगतात, यावर लिहा, त्यावर लिहा.

माझे सर्वांत जास्त पुढे पाठवले गेलेले लेख कोणते, ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. पहिला, कूलर जुलैत का गार करत नाही याचा. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं; एक लिटर पाणी वाफ व्हायला साधारण 0.67 युनिट विजेइतकी उष्णता लागते. मे महिन्यात हवा कोरडी, पाणी भराभर वाफ होतं, खोली गार. पावसाळ्यात हवेत आधीच ओल, पाणी फारसं वाफ होत नाही, मग उरतो नुसता पंखा. यात कूलरचा दोष नाही, आणि खिडकी बंद करून कूलर लावला तर मे महिन्यातही हेच होतं. हा लेख टाकल्यापासून जुलैची निम्मी भांडणं मिटली. दुसरा, टाकीतल्या पाण्याचा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची. हा लेख सोसायट्यांचे सचिव दरवर्षी स्वतःहून ग्रुपवर टाकतात आणि त्याच्या तळाशी माझ्या दुकानाचा पत्ता, वेळ आणि नंबर असतो.

तिसरा लेख धंद्यासाठी लिहिलाच नव्हता. दर उन्हाळ्यात विदर्भात कुठे ना कुठे कूलरचा शॉक लागून माणूस जातो, बरेचदा लहान मूल. पत्र्याची बॉडी, खाली सांडलेलं पाणी, अर्थिंग नाही. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. तीन पिनचा प्लग हवा, घराला अर्थिंग हवंच, ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने कूलरला हात लावायचा नाही. हा लेख मी प्रत्येक उन्हाळ्यात पुन्हा वर आणते. यातून कूलर विकला जातो की नाही, हे मी कधी मोजलं नाही आणि मोजणारही नाही.

लेखात भाव लिहायचा का? लिहा, पण महिना आणि वर्ष टाकून. फोटो आपल्याच कामाचे हवेत. गिऱ्हाइकाच्या घरातला फोटो त्यांना विचारूनच, आणि त्यात देवघर, मुलं, घराचा नंबर येऊ द्यायचा नाही.

ग्रुपवर कसं वागायचं

इथे मी मोठी चूक केली. 2018 मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस ॲप आलं. मी उत्साहात चौदा ग्रुपमध्ये ओळखीपाळखीने शिरले आणि रोज सकाळी सुविचारासोबत आमच्या कूलरचा फोटो टाकू लागले. तीन आठवड्यांत एका ग्रुपमधून मला काढलं. काढणाऱ्या सचिवांनी फोन करून नीट समजावलं: "ताई, तुम्ही चांगलं काम करता, पण तुम्ही स्वतः म्हटल्यानं आम्ही कसं मानायचं?" वहीत पाहिलं तर त्या तीन आठवड्यांच्या जाहिरातीतून एकही काम आलेलं नव्हतं.

ज्या ग्रुपमध्ये तुम्ही राहत नाही, त्यात शिरू नका. तिथे तुमचं नाव दुसऱ्याने घ्यायला हवं, आणि नाव घेणाऱ्याच्या हातात काहीतरी तयार असायला हवं. आम्ही काम झाल्यावर गिऱ्हाइकाला त्याच संध्याकाळी एक संदेश पाठवतो. तो साधारण असा असतो:

"नमस्कार काकू. आज तीन ताट्यांची घास बदलली, पंप साफ केला. घास हा उन्हाळा चालेल. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करा. पाणी भरताना प्लग काढूनच ठेवा. वास आला तर काय करायचं ते या लिंकवर लिहिलं आहे. काही अडचण आली तर याच नंबरवर सांगा."

सोबत बिलाचा फोटो. पुढे कधी ग्रुपवर कोणी विचारलं की काकू हाच संदेश उचलून तिथे टाकतात, कारण त्यात नंबर आहे, काम काय केलं ते आहे, आणि त्यांना वेगळं काही लिहावं लागत नाही. "कृपया आमची शिफारस करा" असं मी कधीही लिहीत नाही.

फॉरवर्डवर फार विसंबू नका. भारतात 2018 पासून एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, आणि 2020 पासून खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. रंगीत पोस्टर बनवून "सगळ्यांना पाठवा" म्हणण्याचे दिवस तेव्हाच गेले. ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) 256 लोक बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणून मिस्त्री निघताना सांगतात, "नंबर सेव्ह करून घ्या जी, कूलर नागपूर या नावानं." दुकानाच्या नावाने साठवला तर मे महिन्यात कोणालाच आठवत नाही.

बिझनेस ॲपमधली लेबलं मात्र मनापासून वापरा. "घास बदलली", "नवीन कूलर", "पंप वॉरंटीत" अशी आमची लेबलं आहेत. होळीच्या आधी "घास बदलली" वाल्यांना वर्षातून एकच आठवण पाठवते. दुसरी कधीच नाही.

पानठेला, चौकीदार, आरओवाला

सगळं जाळं फोनमध्ये नसतं. आमच्या भागात कोणाकडे चांगलं काम होतं हे पानठेल्यावर आधी ठरतं, ग्रुपवर नंतर येतं. चौकीदार, इलेक्ट्रिशियन, इस्त्रीवाला, गॅस शेगडी दुरुस्त करणारा, ही माणसं रोज पन्नास दारं पाहतात. त्यांच्याशी कसं वागायचं, यावर माझं मत ठाम आहे: कमिशन देऊ नका.

याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं. बेसा रोडच्या एका स्कीममधला चौकीदार प्रत्येक घराला एकाच कूलरवाल्याचं नाव सांगायचा. त्या दुकानाकडून त्याला दर कूलरमागे पैसे मिळतात हे एका रहिवाशाला कळलं. त्यानंतर त्या स्कीममध्ये त्याला कोणी प्लंबरसुद्धा विचारेना. कूलरवाल्याचं काम गेलं ते गेलंच, त्या गरिबाची पतही गेली. ज्याच्या शब्दावर आपण उभे आहोत, त्याचा शब्द आपणच विकत घेतला तर त्याची किंमत राहत नाही.

मग त्यांना काय द्यायचं? मान आणि वेळ. आरओवाल्या भाऊचा फोन आला की मे महिन्याच्या भर गर्दीतही तो मी उचलते. चौकीदाराच्या खोलीतला कूलर आम्ही फक्त सामानाच्या खर्चात दुरुस्त करतो, आणि हे त्याने कोणाला आमचं नाव सांगितलं म्हणून नाही, तर त्या पत्र्याच्या खोलीत 45 अंशांत तो बसतो म्हणून. आणि काम परत पाठवायचं. कूलर लावायला गेलेल्या घरी बोअरच्या पाण्याने पंपावर पांढरे क्षार जमलेले दिसतात. तिथे आरओ नीट चालतो का असं विचारलं की बरेचदा भाऊला काम मिळतं. त्याचं काम खरोखर चांगलं असेल तरच नाव द्या. मी एकदा नीट न पाहता एका इलेक्ट्रिशियनचं नाव दिलं, त्याने अर्धवट वायरिंग सोडलं, आणि त्या घराने पुढे मलाही बोलावलं नाही.

तुमची माणसं हा या जाळ्याचा सर्वांत पुढचा धागा. आमच्या मुलांना मी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: चप्पल दाराबाहेर, काम झाल्यावर फरशी पुसून द्यायची, आणि जुनी घास पोत्यात भरून सोबत आणायची. ही तिसरी गोष्ट मी कामाच्या सोयीसाठी सुरू केली होती, कारण लोक ती घास नालीत टाकायचे. पण ग्रुपवर आमच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात सर्वांत जास्त वेळा हेच येतं: "जुनी घास सोबत घेऊन गेले." मोटर किती चांगली लावली हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. कचरा उचललेला दिसतो, आणि जे दिसतं तेच माणूस दुसऱ्याला सांगतो. तुमच्या धंद्यातली अशी गोष्ट शोधा.

जेव्हा 56 अंश झाले

मे 2024 च्या शेवटच्या दिवसांत नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश तापमान दाखवलं. अर्ध्या तासात तो आकडा शहरातल्या प्रत्येक फोनवर होता. दुकानात फोन थांबेनात. माझ्या भाच्याने लगेच पोस्टर तयार केलं: "56 अंश! आजच कूलर घ्या." खरं सांगते, बोट पाठवायच्या बटणावर होतं. त्या आठवड्यात कितीही कूलर विकले गेले असते.

मी थांबले कारण दुकानाबाहेरचा आमचा साधा थर्मामीटर आदल्या दिवसासारखंच दाखवत होता. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. खरं तापमान दहा अंशांहून जास्त कमी होतं. मी ब्लॉगवर चार ओळी टाकल्या: आकडा चुकीचा आहे, हवामान खात्याने असं सांगितलं आहे, घाबरून जास्तीचा कूलर घेऊ नका, आहे त्याची घास ओली राहते का ते पाहा. त्या चार ओळी मी कोणालाही पाठवल्या नाहीत, फक्त स्टेटसला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या ओळखीतही नसलेल्या ग्रुपमधून फिरून माझ्याकडेच परत आल्या. एका आजोबांनी तर फोन करून म्हटलं, "कूलरवाली असून कूलर घेऊ नका म्हणते, म्हणून फोन केला." ते पुढच्या वर्षी मार्चमध्ये आले.

जे खरं आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही, ते पुढे पाठवू नका, मग त्याने गल्ला भरणार असला तरी. हवामान असो, "या कंपनीचा पंप फुटतो" असा व्हिडिओ असो, की समोरच्या दुकानाबद्दलची कुजबुज. तुमचं नाव घेणाऱ्या प्रत्येकाची पत तुम्ही पणाला लावता.

तक्रार उघड्यावर आली तर

2022 च्या मे महिन्यात त्रिमूर्ती नगरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या कूलरचा फोटो पडला. खाली पाण्याचं थारोळं. "तीन दिवसांत टाकी गळली, दुकान फोन उचलत नाही." मला हे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवून कळवलं. संध्याकाळपर्यंत त्या सोसायटीतल्या दोन ऑर्डर रद्द झाल्या.

आधी मला राग आला, मग रडू आलं. भाचा म्हणाला, आपल्या एका ओळखीच्याला ग्रुपवर आपली बाजू मांडायला सांगू. ते मी करू दिलं नाही. रात्री नऊला मिस्त्रींना घेऊन, नवी टाकी टेम्पोत टाकून त्या घरी गेलो. टाकीच्या तळाच्या जोडावर वेल्डिंग कच्चं राहिलं होतं, चूक आमचीच. फोन उचलला गेला नाही हेही खरं होतं. गर्दीत एकाच नंबरवर सगळं चाललं होतं. दोन्ही गोष्टी काकांना तोंडावर सांगितल्या. टाकी बदलली, पाणी भरून अर्धा तास थांबलो, फरशी पुसली आणि निघालो. पोस्ट काढा असं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतः त्याच ग्रुपवर नव्या टाकीचा फोटो टाकला. रद्द झालेल्या दोनपैकी एक ऑर्डर परत आली. दुसरी आली नाही, आणि ते त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. कळलं की तासाभरात फोन. मग घरी जाऊन काम. काम झाल्यावरच लेखी उत्तर, आणि ते दोन-तीन ओळींचं. गूगलवर त्याच काकांच्या एक ताऱ्याच्या रिव्ह्यूखाली मी लिहिलेलं उत्तर असं होतं: "टाकीचा जोड आमच्याकडून कच्चा राहिला होता. टाकी बदलून दिली. दोन दिवस फोन उचलला गेला नाही ही आमची चूक, आता दुसरा नंबर सुरू केला आहे." "पण", "तरीही", "आमच्या म्हणण्यानुसार" हे शब्द अशा उत्तरात नकोत. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्यांसाठी असतं. आजही नवीन गिऱ्हाईक सांगतं की आधी तो एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला आणि मग फोन केला.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. 2004 मध्ये अमेरिकेत सायकलवाल्यांनी इंटरनेटवर दाखवलं की क्रिप्टोनाइट कंपनीचं सायकलचं महागडं कुलूप साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतं. काही दिवसांत ते वर्तमानपत्रांत आलं आणि कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. 2005 मध्ये जेफ जार्व्हिस या पत्रकाराने डेल कंपनीच्या सेवेबद्दल आपल्या ब्लॉगवर लिहिलं, तेव्हा वैतागलेले इतर गिऱ्हाईक तिथे जमा झाले. पुढच्या वर्षी डेलने स्वतःचा ब्लॉग काढून लोकांशी बोलायला सुरुवात केली. त्यांच्याकडे वकील होते, जाहिरातीचे पैसे होते. आपल्याकडे टेम्पो आहे आणि वीस मिनिटांत त्रिमूर्ती नगर गाठता येतं. हा आपला फायदा आहे, तो वापरा.

विकतचे रिव्ह्यू आणि रील

दर मार्चला फोन येतो: "मॅडम, शंभर पाच-ताऱ्यांचे रिव्ह्यू टाकून देतो." नको म्हणा. पैसे किंवा भेट देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही आणि ते काढून टाकले जातात. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000:2022 हे मानकही काढलं आहे. पण नियम सोडा, नागपूरचा माणूस ते ओळखतो. "अप्रतिम सेवा" असं बारा वेळा वाचून जे होत नाही, ते "नंदनवनहून दुपारी दोनच्या उन्हात आले, घास सोबत नेली" या एका ओळीने होतं.

रीलचा अनुभव एकदाच घेतला. एका मुलाला कूलर फुकट दिला, पण व्हिडिओवर "जाहिरात" असं स्पष्ट लिहायला लावलं. 2021 पासून भारतीय जाहिरात मानक परिषदेचा तो नियमच आहे, आणि वस्तू फुकट मिळाली असली तरी ते सांगावंच लागतं. व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला. फोन पुण्याहून आले, मुंबईहून आले, आणि आम्ही नागपूरबाहेर कूलर पाठवत नाही. त्याच किमतीत आम्ही चौकीदारांच्या कितीतरी खोल्यांतले कूलर दुरुस्त केले असते. कपडे किंवा मसाले कुरिअरने विकणाऱ्यांचा हिशेब वेगळा निघेल, पण वही त्यांनीही पाहावी.

वेळ कुठून काढायचा

मार्च ते जून मी नवीन लेख लिहीत नाही. त्या चार महिन्यांत फक्त वही भरते, संध्याकाळचे संदेश पाठवते आणि रिव्ह्यूंना उत्तरं देते. जुलैत वही उघडते: कोणते प्रश्न जास्त आले, कोणती नावं नवीन दिसतात. जुलै ते जानेवारी महिन्याला एक लेख, बस. फेब्रुवारीत जुन्या लेखांतले भाव आणि फोटो बदलते, गूगलवरची दुकानाची वेळ तपासते. दिवाळीला वहीतल्या अधोरेखित नावांच्या घरी मी आणि बाबा फराळाचा डबा घेऊन जातो. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण हे काम ते सोडत नाहीत.

गेल्या जुलैच्या वहीत "जुन्या पत्र्याच्या कूलरला आतून रंग कोणता द्यावा" हा प्रश्न एकतीस वेळा आला आहे. मिस्त्रींनी दोन टाक्यांना दोन वेगळे रंग देऊन दुकानामागे पाणी भरून ठेवल्या आहेत. पत्रा कुठे आधी गंजतो ते दिवाळीपर्यंत कळेल, मग लिहीन.